जुन्या मनगटी घड्याळात घरी तेल सोडण्याचा सल्ला देणं थांबवा

भिंगवाला:
"चावीचं जुनं घड्याळ मागे पडत असेल तर झाकण उघडा, सुईने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, डायल ओल्या कापसाने पुसा, काचेवर टूथपेस्ट घासा." हा सल्ला पुन्हा पुन्हा वाचून डोकं उठलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

घड्याळ मागे पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आटून चिकट झालेलं जुनं तेल. त्यावर नवं तेल पडलं की धुळीसकट लगदा होतो आणि पिव्हट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) झिजायला लागतात. शिवाय सुईवरचा थेंब एका ज्वेलला (पिव्हट ज्यात फिरतो तो छोटा दगड) लागतो त्याच्या कित्येक पट मोठा. ज्वेलच्या वाटीत तेल टिकतं ते अगदी थोडं असेल तरच. जास्त झालं की ते प्लेटवर पसरतं आणि ज्वेल कोरडा पडतो. त्यातलं हेअरस्प्रिंगवर (घड्याळाचा वेग ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) गेलं तर वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची चालती लांबी घटते आणि मागे पडणारं घड्याळ पुढे पळू लागतं. बघणाऱ्याला वाटतं, सुधारलं!

डायलवरची अक्षरं लॅकरवर छापलेली असतात, जुनं लॅकर तडकलेलं असतं. ओला कापूस फिरवला की अक्षरं कापसावर येतात. रबरी फुग्याने हवा मारा, बस.

टूथपेस्टवर मात्र माझा राग नाही. काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर चालते, पॉलीवॉच (काच उजळायची पेस्ट) किंवा धातूचं पॉलिश जास्त बरं. खोल ओरखडा असेल तर आधी १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५००, मग २०००, पाण्याचे दोनचार थेंब घेऊन. बेझलला (काचेभोवतीची कडी) चिकटपट्टी लावायला विसरू नका. नखाने टकटक केल्यावर आवाज बसका आला तर अ‍ॅक्रिलिक. खणखणीत आला तर खनिज काच, ती याने उजळत नाही.

ठोका_मोज:
तेलाबद्दल बरोबर. पण मग अर्धीच बंदी का? झाकण उघडणं हेच नवख्याचं काम नाही. तुम्ही काचेचं शिकवलंत, उद्या तोच माणूस काच बदलायला स्टेम (चावीच्या बोंडाचा आत जाणारा दांडा) काढणार. जुन्या बहुतेक मूव्हमेंटमध्ये (घड्याळाच्या आतलं यंत्र) स्टेम सेटिंग लिव्हरच्या स्क्रूने धरलेला असतो. तो स्क्रू एक वळसा सैल करून स्टेम हलका ओढायचा असतो. स्टेम निघत नाही म्हणून माणूस स्क्रू फिरवतच राहतो, लिव्हर डायलच्या बाजूला सुटून पडते. आता ती बसवायला काटे आणि डायल काढणं आलं. घड्याळजीकडे द्या, विषय संपला.

चाकदात:
हेच ऐकून कंटाळा आलाय. स्क्रू किती वळसे सैल करायचा हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत, म्हणजे ते शिकवता येतं! धोका असेल तर धोका सांगा, दार कशाला बंद करता? स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीला बरोबर बसलं पाहिजे. अरुंद पातं खाच फाडतं, निसटलं तर थेट हेअरस्प्रिंगमध्ये जातं. क्राउन व्हीलचा (चावी देताना फिरणारं एक चाक) स्क्रू बऱ्याच मूव्हमेंटमध्ये उलट्या आट्याचा असतो, कित्येकदा त्यावर तीन रेघा असतात. सरळ समजून जोर लावला की डोकं तुटतं. आणि पॅलेट फोर्कला (चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणारा छोटा काटा) हात लावण्याआधी मेनस्प्रिंगचा (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) ताण उतरवा: क्राउन (चावीचं बोंड) बोटात घट्ट धरा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिट्टी) बाजूला करा, क्राउन हळूहळू फिरू द्या.

भिंगवाला:
मुद्दा मान्य, पण पॅलेट फोर्कपर्यंत पोचलेला माणूस 'छोट्या दुरुस्त्या' करत नाहीये. तिथे तर अजून एक सापळा आहे: पॅलेटचे दगड शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फोर्क भिजवून ठेवला की शेलॅक विरघळतो आणि दगड हलतात. नॅफ्था (पेट्रोलसारखं द्रावक) वापरा. आणि फोर्कच्या पिव्हटला तेल द्यायचं नाही, कोरडेच ठेवायचे.

नवशिका_काटा:
मध्येच विचारतो. काट्यांवरचा चमकणारा रंग पिवळा पडून सुटतोय. अंधारात चमकतही नाही. खरवडून नवा भरू का?

ठोका_मोज:
नाही! तो रेडियमचा (किरणोत्सारी धातू) असू शकतो. चमक गेली ती रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड थकल्यामुळे, रेडियम तसंच आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. खरवडलेली पूड श्वासातून आत गेली तर हाडांत जाऊन बसते.

चाकदात:
घाबरवणं पुरे. रेडियमचे अल्फा कण काच ओलांडत नाहीत, घड्याळ मनगटावर घालून कोणी मरत नाही.

ठोका_मोज:
काच आहे तोवर! तो काच काढून खरवडायचं विचारतोय, तुम्ही प्रश्न तरी वाचा. अमेरिकेत १९२० च्या दशकात डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी जुळवत होत्या, त्यांचे जबडे सडले. हा वाद तुम्हाला अजून घालायचाय?

भिंगवाला:
दोघंही जरा दमानं. डायलच्या तळाशी टी हे इंग्रजी अक्षर असेल तर ट्रिटियम (हाही किरणोत्सारीच), अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. त्याचा बीटा किरण इतका दुबळा असतो की काचेबाहेर येत नाही, त्यामुळे गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) गप्प राहतो. रेडियमला काउंटर काचेबाहेरूनही बोलतो. टी नसेल आणि काउंटरही नसेल तर रेडियमच धरून चाला, झाकण बंद ठेवा. रंग सुटत असेल तर आत पूड आधीच पडली असणार, म्हणून या घड्याळावर फुगाही मारू नका.

चाकदात:
ठीक, रेडियमवर मी मागे हटतो. पण 'घरी काहीच नको' यावर नाही. चांगलं चालणारं घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं तर हेअरस्प्रिंग चुंबकित झालेली असू शकते. होकायंत्राजवळ धरा, बॅलन्सच्या (मागेपुढे डुलणारं चाक) ठोक्याबरोबर सुई थरथरली तर तेच. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व घालवणारं यंत्र) ठेवा, बटण दाबा आणि बटण दाबलेलं असतानाच घड्याळ हळूहळू हातभर लांब न्या. बटण जवळच सोडलं तर पुन्हा चुंबकित होतं. यात झाकण उघडावंच लागत नाही. हेही घड्याळजीकडे?

ठोका_मोज:
हे घरी करा. आणि रेग्युलेटरला (घड्याळाचा वेग कमीजास्त करायची दांडी) हात लावण्याआधी हेच करा, नाहीतर चुंबकित घड्याळ 'नीट लावून' बसाल आणि नंतर ते मागे पडेल. तेलाच्या बाटलीला मात्र माझा नकार कायम.