सक्रिय आणि निष्क्रिय संवेदक : नेमका अर्थ कोणता?

प्रश्न

तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी मी इलेक्ट्रॉनिक संवेदकांच्या (सेन्सर) प्रकारांवर मराठीत टिपण लिहीत आहे. तापमान मोजणाऱ्या दोन संवेदकांपैकी मापनाच्या एका पाठ्यपुस्तकात थर्मोकपलला सक्रिय आणि थर्मिस्टरला निष्क्रिय म्हटले आहे, दुसऱ्या पुस्तकात नेमके उलट आहे, आणि सुदूर संवेदनावरील (रिमोट सेन्सिंग, म्हणजे दुरून निरीक्षण) लेखनात रडारला सक्रिय व कॅमेऱ्याला निष्क्रिय म्हणतात. यांतील बरोबर कोणते? तसेच ‘संवेदक’ आणि ‘ऊर्जापरिवर्तक’ (ट्रान्सड्यूसर) हे शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत का?

प्रतिसाद

आपण वाचलेले तिन्ही वापर आपापल्या क्षेत्रात रूढ आहेत, त्यामुळे यांतील एकाला चूक ठरवता येणार नाही. मात्र प्रत्येक वापरामागचा प्रश्न वेगळा आहे आणि टिपणात तो प्रश्नच आधी सांगायला हवा.

आपल्याकडील अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत सहसा असे विचारले जाते की, बाहेर पडणारा विद्युत संकेत संवेदक स्वतः निर्माण करतो का. दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून त्यांच्या दोन सांध्यांत तापमानाचा फरक ठेवला की विभवांतर (व्होल्टेज) निर्माण होते, हे सीबेक यांनी १८२१ च्या सुमारास पाहिलेले तत्त्व थर्मोकपलमध्ये वापरलेले असते. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये हे विभवांतर दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असते. म्हणून तो सक्रिय. थर्मिस्टरचा रोध तापमानानुसार बदलतो खरा, पण बाहेरून वीजप्रवाह दिल्याशिवाय तो बदल वाचता येत नाही. म्हणून तो निष्क्रिय.

दुसऱ्या परंपरेत हीच वस्तुस्थिती उलट्या बाजूने पाहिली जाते. ज्याला काम करण्यासाठी बाहेरची उत्तेजक ऊर्जा द्यावी लागते आणि जो तिच्यात फेरफार करून संकेत देतो तो सक्रिय, आणि ज्याला तशी ऊर्जा लागत नाही तो निष्क्रिय. थर्मोकपल येथे निष्क्रिय ठरतो.

सुदूर संवेदनात विद्युत संकेताचा विचारच नसतो. ज्या वस्तूचे निरीक्षण करायचे तिच्यावर उपकरण स्वतः लहरी सोडते का, एवढेच तेथे पाहिले जाते. २०१२ मध्ये सोडलेल्या रिसॅट-१ या भारतीय उपग्रहावरचे रडार सी पट्ट्यातील सूक्ष्मलहरी जमिनीकडे पाठवून त्यांचा परतावा टिपत असे, त्यामुळे रात्री आणि पावसाळी ढगांतूनही त्याला प्रतिमा घेता येत. परावर्तित सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेला कॅमेरा या अर्थाने निष्क्रिय असतो.

हा गोंधळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो जिन्यातले दिवे आपोआप लावणाऱ्या पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) संवेदकात. त्यातील ‘पी’ म्हणजे पॅसिव्ह, कारण तो कोणतीही लहर सोडत नाही, माणसाच्या शरीरातून येणारी अवरक्त प्रारणे फक्त टिपतो. पण त्यातला पायरोइलेक्ट्रिक घटक उष्णता बदलताच स्वतः विद्युतभार निर्माण करतो, म्हणजे पहिल्या व्याख्येने तो सक्रिय आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपल्या विवेचनाबद्दल आभार. मग मराठीत या दोन शब्दांऐवजी काय लिहावे?

प्रतिसाद

माझ्या मते ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ हे शब्द शीर्षकातून वगळावेत आणि परीक्षेसाठी आवश्यक म्हणून कंसात द्यावेत. याला आणखी एक कारण आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘निष्क्रिय’चा पहिला अर्थ ‘काम बंद असलेला’ असा उमटतो. बँकेचे खाते निष्क्रिय होते, बॉम्ब निष्क्रिय केला जातो. देखभालीच्या सूचनेत ‘निष्क्रिय संवेदक तपासावेत’ असे लिहिले, तर वाचणारा बिघडलेले संवेदक शोधू लागेल, थर्मिस्टर नव्हे.

पाठ्यपुस्तकांतील पहिल्या अर्थाच्या जोडीसाठी ‘स्वयंजनक’ आणि ‘बाह्यऊर्जेवर चालणारा’ असे लिहिता येईल. सुदूर संवेदनासाठी ‘उत्सर्जक’ सुचतो, परंतु ट्रान्झिस्टरच्या एका अग्राला तोच शब्द दिलेला असल्याने मी ‘लहरी सोडणारा’ आणि ‘लहरी टिपणारा’ हे पसंत करीन. शब्द लांब आहेत, पण विद्यार्थी त्यावर अडखळत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. हे वर्गीकरण वस्तूचे नसून तिच्या वापराचे आहे. फोटोडायोडला बाहेरून विभवांतर न देता वापरले तर तो सौरघटाप्रमाणे स्वतः वीज निर्माण करतो, आणि उलट दिशेने विभवांतर देऊन वापरले तर प्रकाशानुसार त्यातून जाणारा प्रवाह बदलतो. एकच घटक दोन्ही रकान्यांत बसतो, हे टिपणात आवर्जून यावे.

आणखी एक प्रतिसाद

‘संवेदक’ आणि ‘ऊर्जापरिवर्तक’ वेगळे ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. ध्वनिक्षेपकाचा कर्णा विद्युत ऊर्जेचे ध्वनीत रूपांतर करतो, तो ऊर्जापरिवर्तक आहे, पण काहीही मोजत नसल्यामुळे संवेदक नाही.

कारखान्यात याला तिसरा शब्द जोडलेला असतो, ट्रान्समीटर. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या घटकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो, हा झाला संवेदक. त्या रोधाचे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहात रूपांतर करून तो नियंत्रण कक्षाकडे पाठवणारे मंडल म्हणजे ट्रान्समीटर. मापनपट्टीचा तळ शून्याऐवजी ४ मिलिअँपिअरला ठेवलेला असतो, म्हणून तार तुटून प्रवाह शून्यावर आला की ते लगेच ओळखू येते. कामगार मात्र या सगळ्यालाच ‘सेन्सर’ म्हणतात आणि बोलण्यात त्याने अडत नाही. दुरुस्तीची नोंद लिहिताना मात्र नेमका कोणता भाग बदलला हे सांगावेच लागते.

‘डिजिटल संवेदक’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा. यंत्रावर धातूचा भाग जवळ आल्याचे कळवणारा प्रॉक्सिमिटी स्विच पीएलसीच्या (यंत्रे चालवणारा कारखान्यातील नियंत्रक संगणक) डिजिटल इनपुटला जोडतात म्हणून डिजिटल म्हटला जातो, पण तो केवळ आहे की नाही एवढेच सांगतो. डीएस१८बी२० हा तापमान संवेदक ९ ते १२ बिटांत प्रत्यक्ष मोजलेला आकडा पाठवतो. पहिल्याला ‘चालू-बंद संवेदक’ म्हणावे आणि ‘डिजिटल’ हा शब्द दुसऱ्यासाठी राखावा.