पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव, हे दान की प्रौढी?

नगरी_मिरची
रविवारी चर्चमधे उपासनेत सहज वर बघितलं तर नव्या पंख्यावर "अमुक परिवाराकडून सप्रेम", तेही तिन्ही पात्यांवर. चालू केला की वाचता येत नाही एवढंच त्यातल्या त्यात बरं. बायबलातल्या मत्तय ६ मधे येशू स्पष्ट सांगतो की दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मग हा कर्णा नाही तर काय? माझं मत, पाट्या काढा.

खाडीपलीकडचा
अहो पण एकच अध्याय मागे जा की, ५:१६, तुमची चांगली कामं लोकांना दिसू देत असंही तोच म्हणतो. पाटी बघून दुसरा देतो. आमची निम्मी बाकं अशीच झाली.

नगरी_मिरची
वाक्य अर्धं तोडू नका राव. दिसू देत, म्हणजे लोक स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतील. पंख्यावर पित्याचं नाव कुठंय?

जुनाट_बोरू
हे दुखणं पार ग्रीसमधल्या जुन्या करिंथ शहरापासूनचं आहे. तिथे उत्खननात फरसबंदीवर लॅटिन लेख सापडलाय, इरास्त नावाच्या माणसाने पद मिळालं म्हणून स्वखर्चाने फरशी घातली (बायबलातल्या रोमकरांस पत्रातला इरास्त हाच का, यावर अभ्यासक अजून भांडतायत). म्हणजे त्या शहरात नाव कोरणं ही रीतच होती, आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौल पत्रातून स्वतःची प्रौढी ऐकवतो ती कसली तर पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, तीनदा जहाज फुटलं, आणि शेवटी दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून पाटीत, म्हणजे टोपलीत, बसून पळालो. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला मुकुट मिळायचा, आणि हा उतरल्याचं सांगतोय! पाटी हवीच तर अशी हवी.

काजूगर
मला नाही पटत. कष्टांची यादीसुद्धा मिरवता येतेच. आमच्या प्रार्थनासभेत एकजण साक्ष द्यायला उठतो, मी किती पापी होतो किती प्यायचो, वीस मिनिटं, आणि दर वर्षी बाटल्या वाढतात. आणि मिरची, पाटी वाचून "आपण बाबा असलं काही करत नाही" असं मनात आलंच ना? लूक १८ मधला परूशी, म्हणजे कडक धर्म पाळणारा, जकातदाराकडे बघून हेच म्हणत होता.

नगरी_मिरची
आलं. थोडं.

जुनाट_बोरू
काजूगर, फरक आहे. पौल यादी देतानाच म्हणतो की मी मूर्खासारखा बोलतोय, म्हणजे बढाईखोरांची टरच उडवतोय तो. शिवाय साक्षीचा शेवट नेहमी "आणि मी बरा झालो" असा असतो, पण पौलाने तीनदा विनवणी करूनही शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, निघाला नाहीच. माझी कृपा तुला पुरे, एवढंच प्रभूचं उत्तर. न सुटलेल्या गोष्टीची साक्ष कोणी देताना ऐकलीय का तुम्ही?

काजूगर
नाही ऐकली खरी. पण टर उडवत का होईना, यादी दिलीच ना त्याने.

खाडीपलीकडचा
तुमचं लॅटिनबिटिन चालू द्या. आमच्या आजीने बाक दिलं त्यावर आजोबांचं नाव आहे, तिचं नाही. शेवटपर्यंत त्याच बाकावर बसायची, बोट फिरवायची अक्षरांवरून. तीही पाटी काढायची का?

नगरी_मिरची
स्मरणार्थ असेल तर माझं काहीच म्हणणं नाही, राहू द्या. पण हयात माणसाची तीन पाती? दोन तरी पुसा.