ड्युरियन पहिल्यांदा खाताना कॅमेरा हवाच का?

सागरलाट

जून ते ऑगस्ट हा इथे सिंगापुरात ड्युरियन या काटेरी, उग्र वासाच्या फळाचा मोसम. मलेशियातून गाड्या भरभरून माल येतो. याच दिवसांत घरी भारतातून पाहुणेही असतात आणि त्यांच्या यादीत मर्लायन आणि सेंटोसाच्या खाली एक ओळ हमखास असते, 'ड्युरियन ट्राय करणे'. मग सुपरमार्केटातून गोठवलेल्या गरांचा डबा आणायचा, एकाने मोबाइल धरायचा, दुसऱ्याने नाक चिमटीत धरून नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा, शी शी करत थुंकायचा, सगळ्यांनी हसायचं आणि उरलेला डबा कचऱ्यात. व्हिडिओ रात्रीच फॅमिली ग्रुपवर.

मला हे मनापासून खटकतं. ज्याला वास सोसत नाही त्याने खाऊ नये, कुणाची जबरदस्ती नाही. पण खायचंच ठरवलं असेल तर नीट खावं. गेलांगला रस्त्याच्या कडेला ड्युरियनच्या टपऱ्या आहेत, तिथे उघड्यावर बसून खावं. विक्रेता फळ हातात घेऊन हलवतो, आतल्या बिया सुटल्यात का ते ऐकतो, देठापाशी हुंगतो. मग जाड आखूड सुरी बुडाच्या शिवणीत घालून पिळतो आणि कवच कप्प्याकप्प्याने उकलतो. गर बोटाने हलकेच दाबून दाखवतो. कच्चा निघाला किंवा अळी दिसली तर चांगला विक्रेता दुसरं फळ फोडून देतो. तुम्हाला कडवट हवा की गोड, हे तो आधीच विचारतो, कारण मुसांग किंगसारख्या जातींत कडवटपणालाच जास्त किंमत असते. पहिला घास घ्या, दोन मिनिटं थांबा, मग दुसरा घ्या. त्यानंतर नाही आवडलं तर नाही आवडलं, विषय संपला.

नाक दाबून घेतलेल्या एका घासाला चाखणं म्हणता येत नाही, असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

घाटावरचा

ताई, मला अजिबात पटलेलं नाही. पहिल्या घासाला जे वाटतं तेच माणसाचं खरं मत. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला आवडू लागतं ती सवय. सवयीने तर तंबाखूसुद्धा आवडते.

आणि हे फळ ज्यांचं आहे ते लोक काय करतात तेही बघा. तुमच्याच सिंगापुरात मेट्रोमध्ये ड्युरियनवर फुली मारलेली पाटी आहे. तिकडची कितीतरी हॉटेलं खोलीत ड्युरियन आणू देत नाहीत. जिथे ते पिकतं आणि आवडीने खातात तिथल्याच माणसांनी बंद जागेत त्याला मनाई केली आहे. मग सातारहून पहिल्यांदा गेलेल्या माणसाने तोंड वाकडं केलं तर त्याला असंस्कृत का ठरवायचं?

रसायनी

नाकाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या घरगुती सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हेच गंधकयुक्त संयुग पिकलेल्या ड्युरियनच्या वासातही सापडतं. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून 'हा वास आला की आधी खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका' असं शिकवलेलं आहे आणि तोच वास ताटातून येतो! पहिल्यांदा हुंगणारा दचकतो त्यात त्याच्या आवडीनिवडीचा संबंध फार थोडा आहे. २०१८च्या एप्रिलमध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाचं ग्रंथालय गॅसगळतीच्या शंकेने रिकामं केलं होतं. पाचशेहून जास्त माणसं बाहेर काढली, अग्निशमन दलाचे लोक मास्क लावून आत गेले, आणि शेवटी एका कपाटात कुजलेला ड्युरियन सापडला. २०२०मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्टच्या टपाल कार्यालयातही पार्सलातल्या ड्युरियनमुळे असाच प्रकार झाला.

२०१७मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी मुसांग किंगचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. गंधकाची ही संयुगं तयार करायला मदत करणाऱ्या एका जनुकाच्या ड्युरियनमध्ये अनेक प्रती आहेत आणि फळ पिकताना त्या जोरात काम करतात, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी म्युनिककडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की एक फळासारखा गोड वास देणारं आणि एक भाजक्या कांद्यासारखा वास देणारं, अशी दोनच संयुगं योग्य प्रमाणात एकत्र केली तरी ड्युरियनचा वास ओळखू येतो. गोड आणि कांदा हे एकाच वेळी नाकात शिरतं म्हणून मेंदू गोंधळतो.

माझा कल ताईंकडे आहे. एकाच वासात थोडा वेळ बसलं की नाक त्याची दखल घेणं कमी करतं आणि तोंडातून मागच्या बाजूने नाकात पोचणारा गंध बाहेरून हुंगलेल्या वासापेक्षा वेगळा जाणवतो. नाक दाबलं की हा मागचा रस्ताही बंद होतो. मग जिभेवर उरतो फक्त गोडवा आणि पिठूळ स्निग्धपणा, म्हणजे त्या माणसाने ड्युरियन खाल्लेलाच नसतो.

घाटावरचा

@रसायनी, माहिती छान आहे, पण तिच्यातून माझाच मुद्दा निघतो. जो वास धोक्याची खूण म्हणून सिलिंडरमध्ये घातला आहे त्याला नाक नको म्हणत असेल तर नाक त्याचं काम चोख करतंय.

कापा_की_बरका

मी मालवणकडचा. मुंबई-पुण्याचे पाहुणे मे महिन्यात आमच्याकडे येतात आणि कापा फणस मिटक्या मारत खातात. बरका फोडला की मात्र त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. बुळबुळीत आहे, वास मारतो, घशात अडकतो. बरका कसा खायचा ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हाताला खोबरेल लावायचं, आठळी अंगठ्याने मागे सारायची आणि गरा चावत न बसता गिळायचा. आमच्या आजीने पुण्याच्या सुनेला पहिल्या वर्षी शेजारी बसवून शिकवलं. आता ती सून मुलांना बरका पुरवून पुरवून देते. म्हणून ताईंचं म्हणणं मला पटतं. कुठल्याही फळाची खायची रीत असते आणि ती तिथल्या माणसाकडून घ्यावी.

एक दुरुस्ती मात्र सगळ्यांसाठी. काट्यांमुळे बरेच जण ड्युरियनला फणसाचा भाऊ समजतात. नातं काहीही नाही. फणस वड, उंबर आणि तुतीच्या कुळातला. ड्युरियन भेंडी, कापूस आणि आपल्या काटेसावरीच्या कुळातला. त्याची फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि वटवाघळं रात्री मध प्यायला येऊन परागीभवन करतात. फणसाच्या अपेक्षेने तोंडात टाकलात तर फसगत ठरलेलीच आहे.

डोंबिवलीकर

माझा मुद्दा फळाचा नाही, व्हिडिओचा आहे.

आमच्या घरी पावसाळ्यात सुकट भाजली जाते. त्या दिवशी वरच्या मजल्यावरून धाडधाड खिडक्या लागतात. सोसायटीच्या सभेत दोन वेळा हा विषय अजेंड्यावर आला आहे. मुंबईत मासे खाणाऱ्याला घर भाड्याने मिळताना काय काय ऐकावं लागतं ते इथे अनेकांना ठाऊक असेल. आमच्या स्वयंपाकघराच्या वासावर कुणी नाक मुरडलं की आम्हाला ते झोंबतं. मग आपणच परदेशात जाऊन दुसऱ्याच्या आवडीच्या खाण्यासमोर नाक धरून शूटिंग करतो आणि ते विनोद म्हणून फिरवतो, हे कसं चालतं? तो विक्रेता समोर उभा असतो. आपली भाषा त्याला कळत नसेल, चेहरा कळतो.

घाटावरचे साहेब, मेट्रोतल्या पाटीचं म्हणाल तर ती बंद डब्यातल्या सहप्रवाशांच्या सोयीसाठी आहे. फळाला नावं ठेवण्यासाठी नाही. मीही सुकट घेऊन लोकलमध्ये चढताना तीन पिशव्या बांधतो.

सागरलाट

@डोंबिवलीकर, अगदी हेच म्हणायचं होतं. त्या पाटीत आणखी एक गंमत आहे. खाण्यापिण्याला आणि धूम्रपानाला दंड किती ते लिहिलेलं असतं, ड्युरियनच्या चित्राखाली आकडाच नसतो. गंधकाला नको म्हणणारं हेच शहर नदीकाठच्या एस्प्लनेड नाट्यगृहाला तिथल्या काटेरी छपरावरून प्रेमाने ड्युरियन म्हणतं.

@घाटावरचा, पहिला घास खरा म्हणता, तर आल्फ्रेड रसेल वॉलेसचं बघा. उत्क्रांतीचा विचार डार्विनच्या बरोबरीने मांडणारा हा निसर्गअभ्यासक. मलाक्कात त्याच्या घरी ड्युरियन आणला तेव्हा त्या वासाने तो इतका वैतागला की चाखणंही नको झालं. पुढे बोर्नियोत जंगलात जमिनीवर पडलेलं पिकलं फळ त्याला मिळालं. उघड्या हवेत बसून त्याने ते खाल्लं आणि तिथून पुढे तो ड्युरियनचा कट्टर चाहता झाला. केवळ ही चव घेण्यासाठी पूर्वेचा प्रवास करावा, असं त्याने लिहून ठेवलं आहे. फळ तेच, माणूस तोच. बदलली ती जागा आणि फळाची पक्वता. मग त्याचं खरं मत कुठलं धरायचं?

मधुमालती

सागरलाट, तुमच्या बाजूने आहे पण तुमचा सल्ला मला चुकीचा वाटतो. नवख्या माणसाला थेट मुसांग किंगसमोर बसवू नका. मलेशियात फळ आपोआप गळून पडेपर्यंत थांबतात, त्यामुळे ते पूर्ण पिकलेलं, मऊ आणि उग्र असतं. आमच्याकडे थायलंडमध्ये फळ झाडावरूनच काढतात. बागेत एक माणूस दोरी धरून वर चढतो, देठ कापतो आणि खालचा माणूस गोणपाटात फळ झेलतो. चंताबुरीकडच्या बागांत हे बघायला मिळतं. मोंथोंग जातीचा गर किंचित घट्ट असतानाच खातात. तो जाड असतो, बी लहान असतं, वास बेताचा असतो. मी बँकॉकमध्ये ज्यांना ज्यांना मोंथोंगने सुरुवात करून दिली त्यांतले बहुतेक पुढे स्वतःहून मागायला लागले.

सागरलाट

मोंथोंगमध्ये गोडवा आहे, पण ड्युरियनचं जे काही वेगळेपण आहे ते त्यात फिकं असतं. पायरी म्हणून ठीक. मी तरी पाहुण्यांना डी२४ जातीचा देईन. तो मुसांग किंगपेक्षा स्वस्त पडतो आणि कडू-गोड दोन्ही आहे. वजन कवचासकट करतात आणि खायचा गर फळाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्साच निघतो, त्यामुळे पहिल्याच वेळी सगळ्यात महागडी जात घ्यायची गरज नाही हे मान्य.

मधुमालती

गळलेलाच खरा आणि काढलेला फिका, हा मलेशियाचा अभिमान तुमच्या बोलण्यात उतरलाय! चीनमधल्या लाखो लोकांना ड्युरियनची गोडी लागली ती थायलंडच्या मोंथोंगनेच.

शुश्रुत

मी डॉक्टर आहे, म्हणून एवढंच. ड्युरियनमध्ये पोटॅशियम भरपूर असतं. किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा डायलिसिसवर असलेल्यांनी उत्सुकतेपोटीही खाऊ नये. शंभर ग्रॅम गरात सुमारे दीडशे कॅलरी असतात, तेव्हा मधुमेहींनी एखाद्या लहान गरावर थांबावं. मद्याबरोबर टाळावं. मद्याचं शरीरात विघटन करणाऱ्या एका एन्झाइमला ड्युरियनचा अर्क अडवतो, असं जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात २००९मध्ये दिसलं आहे. उष्ण पडतं म्हणून वर मँगोस्टीन हे फळ खाण्याची तिकडची पद्धत आहे. ती पाळायला हरकत नाही, पण पोटॅशियम त्याने कमी होत नाही.

घाटावरचा

सगळ्यांचं नीट वाचलं. आता मी इतका आग्रहाने का लिहितोय ते सांगतो. क्वालालंपूरला एका परिचितांकडे जेवायला गेलो होतो. पोटभर जेवण झाल्यावर ड्युरियन पुढे आला. नको म्हटलं तर 'एकदा तरी', मग 'एक घास', मग 'अहो आमच्यासाठी'. घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. खाल्ला, आणि रात्रभर ढेकरा आणि मळमळ. यजमानांचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलो. ताई, तुम्ही म्हणता कुणाची जबरदस्ती नाही. आपल्या लोकांत जबरदस्ती कुणी करत नाही, आग्रह करतात, आणि नाही म्हणणारा उद्धट ठरतो. 'दुसरा घासही घेऊन बघ' हा तुमचा सल्ला एखाद्या यजमानाच्या हाती लागला की माझ्यासारख्याचं काय होतं त्याचाही विचार करा.

वॉलेसला जंगलात स्वतःहून खावंसं वाटलं. मला कुणी ती मोकळीक दिली नव्हती.

व्हिडिओबद्दल डोंबिवलीकर म्हणतात ते मात्र मी मानतो. विक्रेत्याच्या तोंडासमोर थुंकणं वाईटच. घरात, आपल्या माणसांत कुणी तोंड वाकडं केलं तर त्याला मी दोष देणार नाही.

सागरलाट

दादा, तुमच्याबाबतीत झालं ते चुकीचंच झालं, आणि तेही भरल्या पोटी! ड्युरियन जेवणावर कधीच देऊ नये. इथले लोक संध्याकाळी फक्त तेवढंच खायला बाहेर पडतात. आग्रहाबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पण घरातल्या थट्टेचंही मला पटत नाही, कारण शेजारी बसलेली लहान मुलं तीच शिकतात. माझा भाचा टपरीवर पोचायच्या आधीच नाकाला हात लावून उभा होता. वास तेव्हा त्याच्यापर्यंत आलाही नव्हता.

रानपाखरू

परदेशी न जाता ताजा ड्युरियन भारतात कुठे मिळतो का? गोठवलेला नको आहे.

कापा_की_बरका

निलगिरीत, मेट्टुपाळयमहून कुन्नूरला चढताना बर्लियार लागतं. तिथे सरकारी फळबागेत ड्युरियनची जुनी झाडं आहेत, मँगोस्टीनही आहे. मोसमात फळ येतं पण हाती लागणं कठीण, कारण मूल होण्यासाठी ते गुणकारी अशी तिकडे समजूत आहे आणि लोक आधीपासून सांगून ठेवतात. निघण्यापूर्वी चौकशी करा.

घाटावरचा

आणि खाताना पोट रिकामं ठेवा, माणसं आग्रह न करणारी न्या. दुसऱ्या घासाचं तुमचं तुम्ही ठरवा.

सागरलाट

एवढ्या लांब जाणार असाल तर दुसरा घ्याच!

घाटावरचा

ताई, हाच तो आग्रह.