ॲडज्युव्हंटला मराठीत काय म्हणावं?

फोंडा : आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करोनाच्या लशींवर मराठी तक्ता करतोय. कोर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या काट्यातल्या प्रथिनाचा तुकडा असतो आणि जोडीला ॲडज्युव्हंट, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारं द्रव्य. 'सहायक' लिहिलं तर कचेरीतला माणूस वाटतो. दुसरं काही?

डिचोली : मूळ लॅटिन क्रियापद 'मदत करणे' असंच आहे, त्यामुळे सहायक चूक नाही. पण आयुर्वेदातलं 'अनुपान' का नको? मधातून औषध घेतो तसं.

मडगाव : अनुपान पोटात घ्यायचं असतं, आणि त्याचा भर औषध नीट पोचवण्यावर. इथे मुख्य काम चाळवण्याचं आहे. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही, कारण अख्ख्या जंतूत धोक्याच्या ज्या खुणा असतात त्या त्यात नसतात. ती उणीव हे द्रव्य भरून काढतं. कोर्बेव्हॅक्समध्ये ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर सीपीजी १०१८ आहे. तो जंतूंच्या डीएनएची नक्कल करणारा कृत्रिम तुकडा. पेशीतला टीएलआर-९ हा जंतूंच्या खुणा टिपणारा ग्राही (रिसेप्टर) तो ओळखतो आणि प्रतिकारयंत्रणा खडबडून उठते. पुण्याच्या सीरमच्या कोव्होवॅक्स लशीत याच कामासाठी चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतलं सॅपोनिन आहे. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे.

म्हापसा : ॲल्युमिनियमचा क्षार म्हणजे तुरटीच ना?

मडगाव : सुरुवात तुरटीनेच झाली. १९२६ साली ब्रिटिश संशोधक ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीत ती वापरून पाहिली. आता बहुधा ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट असतं. तक्त्यावर तुरटी लिहू नका हो, पालक न्हाव्याकडचा खडा आठवतील!

पेडणे : 'उद्दीपक' घ्या. जत्रेतली संगीत नाटकं पाहून वाढलेल्यांना कळेल. रसचर्चेत नायिका आलंबन, म्हणजे जिच्यावर प्रेम जडतं ती; चांदणं उद्दीपन, म्हणजे ते प्रेम फुलवणारं. नायकाचं प्रेम चांदण्यावर नसतं, पण चांदणं नसेल तर ते रंगत नाही. इथेही प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार व्हायला हवीत ती प्रथिनाविरुद्ध, जोर चढतो तो दुसऱ्यामुळे.

डिचोली : हे पटलं, अनुपान मागे घेतो. फक्त मानसशास्त्रात 'उद्दीपक' आधीच रुळलाय, म्हणून 'प्रतिकार-उद्दीपक' करा. 'उत्प्रेरक' मात्र नको, तो रसायनातला कॅटॅलिस्ट. आणि कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर देतात त्या केमोथेरपीलाही ॲडज्युव्हंट म्हणतात. तिथे 'पूरक' हाच बरा, तिथे कुणी कुणाला चाळवत नाही.

फोंडा : मग असं लिहितो : 'या लसीत विषाणूचं एक प्रथिन आणि प्रतिकार-उद्दीपक, म्हणजेच ॲडज्युव्हंट, असतं.'

पेडणे : 'लशीत' करा. आणि 'विषाणूचं प्रथिन' वाचून कुणी घाबरेल. कोर्बेव्हॅक्समधलं प्रथिन यीस्टमध्ये बनवलेलं असतं, त्यात विषाणू नसतो, हेही एका ओळीत घाला.