फोटोच्या अभिप्रायातले शब्द: धूसर, हललेला, भगभगीत, जळालेला

एडिट केलेला फोटो कुणी दाखवला की बहुतेक जण ‘शार्प जास्त झालंय’ किंवा ‘एक्स्पोजर कमी कर’ एवढंच म्हणतात. नेमकं कुठे खटकलं ते त्यातून कळत नाही. तुम्ही कोणते शब्द वापरता?

—

शब्द बोलण्यात आहेतच, फक्त वेगवेगळे वापरायला हवेत. ‘हललाय’, ‘फोकस सुटलाय’ आणि ‘धूसर आहे’ या तीन निराळ्या तक्रारी. शार्पनिंग नवा तपशील आणत नाही. कडेची गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ करतं, म्हणून कड उठून दिसते. किंचित धूसर फोटोला ते लागू पडतं, हललेल्याला नाही.

अति झालं तरी काय झालं ते सांगावं. काळ्या पाण्यापुढे बगळा असेल आणि चोचीभोवती पांढरी रेघ आली असेल, तर ‘किनार आलीय, रेडियस कमी कर’ असं मी लिहिते. रेडियस म्हणजे कडेभोवती किती रुंदीत शार्पनिंग लागतं ते. मागचं पाणी रवाळ दिसत असेल तर ‘पाणी खरखरीत झालंय, तिथे मास्क लाव’, म्हणजे तेवढा भाग शार्पनिंगमधून वगळ. आणि हे १०० टक्के आकारात बघूनच बोलावं.

—

शार्पसाठी ‘रेखीव’ चालेल का?

—

मला नाही पटत. रेखीव नाक-डोळे असतात. तो घडणीचा गुण, फोटो धूसर असला तरी राहतो. ‘सुस्पष्ट’ अर्थाला बरोबर, पण बोलताना कुणी म्हणत नाही. सरळ ‘शार्प’ म्हणावं.

एक्स्पोजरचं मात्र जपून. ‘भगभगीत’ म्हणजे सगळाच फोटो जास्त उजळ. तिथे ‘अर्धा स्टॉप खाली घे’ म्हणता येतं. स्टॉप हे प्रकाशाचं माप, एक पूर्ण स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा. ‘जळालाय’ ही तक्रार वेगळी. बगळ्याच्या पाठीवर लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ला, म्हणजे उजळपणाच्या कमाल आकड्याला टेकले, की पिसांच्या रेघाच उरत नाहीत. जेपेगमध्ये एक्स्पोजर उतरवलं तर तिथे नुसतं राखाडी थिगळ दिसतं. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमध्ये, थोडंफार परत मिळू शकतं. म्हणून पांढऱ्या पक्ष्याला उगाच ‘जळाला’ म्हणू नये, आधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळपणाचा आलेख, बघावा.

—

म्हणजे असं लिहू का: ‘पाठीवरची पिसं जळालीत, रॉमधून हायलाइट खाली घेऊन बघ. चोचीला किनार आलीय. डोळा छान शार्प आहे, त्याला हात लावू नकोस’?

—

हो, अगदी असंच.