पूल असताना तराफे कशाला?

वर विचारलंय की मेक्सिको-ग्वाटेमाला सीमेवर सुचियाते नदीवर पक्का पूल असताना लोक तराफ्याने का जातात. पुलावर कागदपत्रं आणि जकात आली. किराण्याच्या चार खोक्यांसाठी तो उपद्व्याप कोण करणार? कायद्याने ही तस्करीच, पण चालते भरदिवसा, पुलावरून दिसेल अशी.

तराफा म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरच्या दोन मोठ्या ट्यूब, दोरीने आवळून वर फळ्या. इंजिन नाही. नावाडी लांब काठीने तळ रेटत नेतो, पाणी उथळ असलं की उतरून ओढतो. माल मधोमध रचावा लागतो. एका ट्यूबवर भार आला की फळ्या कलतात आणि खालच्या थरातली पिठाची पोती आधी भिजतात. पावसाळ्यात ओढ वाढते, मग खेपा कमी.

तेल, शीतपेयं, टॉयलेट पेपर असा बराचसा माल मेक्सिकोतल्या सिउदाद इदाल्गोहून ग्वाटेमालातल्या तेकुन उमानला जातो, कारण मेक्सिकोच्या बाजूला तो स्वस्त. म्हणूनच काठावर नोटांच्या गड्ड्या घेऊन मेक्सिकोचा पेसो आणि ग्वाटेमालाचा केत्साल बदलून देणारे उभे असतात. पेसो वधारला की ग्वाटेमालातल्या गिऱ्हाइकाला तोच माल महाग पडतो, आणि पहिला फटका दुकानदाराला नाही, खेपेवर पोट असलेल्या नावाड्याला आणि हमालाला बसतो.