बाबांची साखर बंद, तरी ट्रायग्लिसराइड २८६. संत्र्याचा रस नडतोय का?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. बाबा ६३ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट टाकला आहे. तेव्हापासून चहा बिनसाखरेचा, रविवारचं सावजी बंद, रोज सकाळी अंबाझरीला फिरणं. एवढं करून मागच्या आठवड्यातला रिपोर्ट (१२ तास उपाशी): ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६. मार्चमध्ये १४८ होतं! एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७२, ते गोळीच्या कृपेने. युरिक ॲसिड ७.८, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. दारू नाही, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरांनी "गोड कमी करा" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं. बाबा तेव्हापासून फणफणून राहिले, "गोड खातो कुठं मी?"

म्हणून मी घरातच पाळत ठेवली. दिवाळीपासून काटोलचे मामा आंबिया बहाराच्या पेट्या पाठवतात. बाबा फिरून आले की ओट्याशी उभं राहून संत्री सोलतात, एकेक बी काढतात, मिक्सरला एक फेरा देतात आणि चहाच्या गाळणीत चमच्याने दाबून दाबून रस काढतात. चोथा गाईला. मोठा स्टीलचा पेला भरतो, मी मापून पाहिला तर ३५० मिली. संध्याकाळी परत तोच कार्यक्रम, वर दोन चमचे मध, कारण "मध म्हणजे काही साखर नाही".

काही बोललं की ग्लुकोमीटर काढतात. रसानंतर दोन तासांनी १२८. "पाह्य, वाढली का?" यावर मी गप्प.

फळातलं फ्रुक्टोज (एक प्रकारची साखर) हृदयाला खरंच वाईट असतं का? रस थांबवू, की संत्रीच? माहीतगारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
फळं बंद नका करू भाऊ. नागपुरात राहून संत्रा बंद म्हणजे शिक्षाच ती.

प्रतिसाद २
मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही. तेव्हा गोळ्यांचं त्यांनाच विचारा आणि रिपोर्टसोबत हा रसाचा हिशेबही त्यांना दाखवा. विचारल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

आधी ते मशीन. ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो, फ्रुक्टोज त्याला दिसतच नाही. १२८ आकडा खरा आहे, पण तो अर्ध्याच साखरेचा जबाब आहे.

ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, स्नायू, मेंदू, सगळेच वाटेकरी. फ्रुक्टोजचं तसं नाही. थोडं असलं तर बरंचसं लहान आतड्यातच मार्गी लागतं. एकदम पेलाभर आलं की बहुतेक भार यकृतावर. ग्लुकोज जाळताना यकृतात एका टप्प्यावर फाटक असतं, पुरेशी ऊर्जा साठली की ते अडवतं. फ्रुक्टोज त्या फाटकाला वळसा घालून पुढे जातं. मग जास्तीच्या मालाची चरबी बनते. काही यकृतातच साठते (तुमची सोनोग्राफी), काही चरबी वाहून नेणाऱ्या व्हीएलडीएल कणांत भरून रक्तात जाते (तुमचं २८६). या घाईत पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, भराभर खर्ची पडतं आणि त्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड तयार होतं. तुमच्या रिपोर्टातले तिन्ही आकडे एकाच घरचे असू शकतात. वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही जोडी हृदयाला चांगली नाही, त्यातून स्टेंट झालेल्याला.

आता हिशेब. संत्र्याच्या १०० मिली रसात ९-१० ग्रॅम साखर. दोन पेले म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं सुमारे निम्मं फ्रुक्टोज. मध वेगळा, त्यात तर फ्रुक्टोज ग्लुकोजहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा, दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर, ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५. आणि त्यांच्या मोजणीत रसातली आणि मधातली साखर धरतात, अख्ख्या फळातली नाही. कारण ते फळ चावावं लागतं, चोथ्यासकट सावकाश उतरतं आणि माणूस दोन-तीन संत्र्यांत थांबतो. फळं खाणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसतो, जास्त नाही. तेव्हा संत्रा निर्दोष, गुन्हेगार ती गाळणी.

प्रतिसाद ३
आमच्याकडे साखरेऐवजी गूळ सुरू केला होता. तोही चालेल ना?

प्रतिसाद २ (पुन्हा)
गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, आणि साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. रसवंतीचा ऊसही त्याच भावात.

धागाकर्ता
ताई, खूप आभार. काल रात्री तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मशीनचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "तर मंग हे मशीन खोटं बोलते काय?" मी म्हटलं, खोटं नाही बोलत, अर्धं बोलते.

आज सकाळी मिक्सर धुऊन वर ठेवला. बाबा पेपर वाचत संत्रा सोलत बसले. दोन खाल्ले, तिसऱ्याच्या चार फोडी उरल्या, त्या आईकडे सरकवल्या. "पुरे." रोज पेल्यातून सात जात होते.

डॉक्टरांची पुढची वेळ घेतली आहे, तेव्हा पेल्याचं मापही सांगतो. मध कपाटात मागे ढकललाय. मामांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही, आणि जिन्यात दोन पेट्या तशाच पडून आहेत. धरमपेठेच्या आसपास कोणाला हव्या असतील तर सांगा.